अ‍ॅझाथायोप्रिन चालू असताना पांढऱ्या पेशी १,९०० वर आल्या

लोकमान्यनगर · ८ डिसेंबर, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहितोय. घाईत आहे, काही राहिलं असेल तर विचारा.

बायको ३४ वर्षांची, वजन ५४ किलो. दोन वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण). मेसालामीनवर बरी होती. दसऱ्यानंतर पुन्हा शौचातून रक्त जायला लागलं म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिग्रॅ सुरू झालं. स्टेरॉइड हळूहळू उतरवता यावं यासाठी ५ नोव्हेंबरपासून प्रतिकारशक्ती दाबणारं अ‍ॅझाथायोप्रिन दिलं, दोन आठवडे ५० मिग्रॅ, मग १००. पर्च्यावर डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं होतं : पहिला महिना दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). गोळी सुरू करण्याआधी पांढऱ्या पेशी १३,४०० होत्या, १२ नोव्हेंबरला १३,१०० आणि १९ ला ९,२००. १९ च्या अहवालात काहीच ठळक छापलेलं नव्हतं, आम्ही निश्चिंत झालो. मग चुलत बहिणीचं लग्न आलं, घर पाहुण्यांनी भरलं आणि पुढच्या दोन सीबीसी राहून गेल्या. ती चूक माझी आहे.

आज केली. पांढऱ्या पेशी १,९००. हिमोग्लोबिन १०.१, प्लेटलेट १ लाख ३२ हजार.

पंधरा दिवसांपासून तिचे केस मूठमूठ जातायत. उशीवर, मोरीच्या जाळीत, सगळीकडे केस. लग्नाच्या दगदगीने असेल म्हणून सोडून दिलं. कालपासून तोंड आलंय, पाणी पितानाही झोंबतं. ताप ९९.१. डॉक्टरांचा फोन लागत नाहीये.

रात्रीची गोळी द्यायची का? सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का?

---

दुसरी किडनी · ८ डिसेंबर, रात्री १०.५२

दादा, इथल्या उत्तरांची वाट बघत बसू नका. डॉक्टर ज्या दवाखान्यात बसतात तिथल्या आपत्कालीन विभागाला फोन करा, ड्यूटीवरच्या डॉक्टरांना आकडे सांगा. अहवालात डिफरन्शिअल (पांढऱ्या पेशींच्या प्रकारांची टक्केवारी) असेल, न्यूट्रोफिल किती टक्के आहेत ते बघा आणि इथे टाका.

---

लोकमान्यनगर · ८ डिसेंबर, रात्री १०.५८

न्यूट्रोफिल ३८ टक्के.

---

मज्जारस · ८ डिसेंबर, रात्री ११.१०

मी पॅथॉलॉजीतला डॉक्टर आहे, तुमच्या पत्नीला तपासलेलं नाही. तेवढं लक्षात ठेवून वाचा.

१,९०० चे ३८ टक्के म्हणजे साधारण ७२०. जंतूंशी पहिली झुंज देणाऱ्या पेशी एवढ्याच शिल्लक आहेत. १,५०० च्या खाली गेल्या की आम्ही कमी म्हणतो, १,००० च्या खाली काळजी वाढते, ५०० च्या खाली धोका मोठा. तोंड येणं आणि केस जाणं या दोन्ही गोष्टी याच औषधाकडे बोट दाखवतायत.

अशा आकड्यांवर अ‍ॅझाथायोप्रिन थांबवतात. डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत एक गोळी चुकली तर कोलायटिसमध्ये बिघडत नाही. पण प्रेडनिसोलोन बंद करू नका. महिनाभर स्टेरॉइड घेतलेल्या माणसाचं ते एकदम थांबवलं तर वेगळंच संकट उभं राहतं.

दर दोन तासांनी ताप मोजा. १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर रात्र असो, पहाट असो, सरळ रुग्णालय गाठा. आधी क्रोसिन देऊन ताप उतरवू नका, त्याने खूण पुसली जाते. दुखण्यासाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक काही नको, दंडावर-कमरेवर इंजेक्शन नको. दारात पोचल्यावर पहिलं वाक्य हेच म्हणा : "अ‍ॅझाथायोप्रिन चालू आहे, न्यूट्रोफिल सातशे आहेत, ताप आलाय." नाहीतर ओपीडीच्या रांगेत तासभर जाईल.

---

लोकमान्यनगर · ९ डिसेंबर, पहाटे ३.२५

१०१.२. निघतोय.

---

अंबाडी · ९ डिसेंबर, सकाळी ८.०५

रात्री धागा वाचला आणि झोप लागली नाही. वहिनी लवकर बऱ्या होवोत. दादा, सवड मिळेल तेव्हा दोन ओळी लिहा.

---

सूक्ष्मदर्शक · ९ डिसेंबर, सकाळी ९.३०

एकतीस वर्षं प्रयोगशाळेत रक्त तपासलं, आता निवृत्त आहे. दादा दवाखान्यात आहेत तोवर, ही औषधं घेणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिते.

१९ नोव्हेंबरचा ९,२०० हा आकडा पुन्हा बघा. छापील मर्यादा ४,००० ते ११,०००, म्हणून यंत्राने खूण केली नाही. पण ही बाई स्टेरॉइडवर होती. प्रेडनिसोलोनने रक्तातल्या न्यूट्रोफिलचा आकडा फुगतो, कारण रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसलेल्या पेशी सुटून प्रवाहात येतात आणि हाडांच्या मज्जेतूनही जास्त बाहेर पडतात. त्यामुळे १३ हजार हा तिचा खरा पाया नव्हता. आठवडाभरात ४,००० ची उतरण लागली होती. त्यातला काही भाग स्टेरॉइड उतरवल्याचा असेल, तरीही ती उतरण डोळ्यात भरायला हवी होती. माझ्या टेबलावर असे अहवाल आले की मी आधीचा अहवाल मागायची. हल्ली कोण मागतं?

म्हणून एक वही करा. तारीख, पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिलचा प्रत्यक्ष आकडा, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार), आणि त्या दिवशी स्टेरॉइड किती मिलिग्रॅम चालू होतं. एका ओळीखाली दुसरी ओळ. नुसत्या आकड्यापेक्षा तो कुठून कुठे चाललाय ते बघायचं. शक्यतो एकाच लॅबमध्ये जा. वेगळ्या यंत्रांवर पाच-सातशेचा फरक सहज पडतो आणि मग खरी घसरण कुठली ते कळत नाही.

एमसीव्ही हळूहळू ९५, १०० च्या वर जाताना दिसला तर घाबरू नका. अ‍ॅझाथायोप्रिनवर तांबड्या पेशी जरा मोठ्या होतातच. डॉक्टरांना दाखवा, बी-१२ बघून घेऊ द्या, एवढंच.

आणि प्लेटलेट अचानक ४० हजार आल्या, पण अंगावर ना डाग ना रक्त, तर लॅबला काचपट्टी बघायला सांगा. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं, काही लोकांच्या प्लेटलेट त्यात गुठळ्या करतात आणि यंत्र त्या मोजत नाही. निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या नळीत पुन्हा घेतलं की आकडा बरोबर येतो. मी अशा रुग्णांना रडत आलेलं पाहिलंय आणि अर्ध्या तासात हसत घरी पाठवलंय.

---

नर्मदे हर · ९ डिसेंबर, सकाळी ११.१५

वाईट वाटलं. आमच्याकडे डेंग्यूत पपईच्या पानांचा रस आणि गुळवेलाचा काढा दिला होता, प्लेटलेट भराभर वाढल्या. वहिनींनाही देऊन बघा. घरची वस्तू आहे, नुकसान तर नाही.

---

मज्जारस · ९ डिसेंबर, दुपारी १.४०

आपुलकीने लिहिलंत, पण इथे नको. डेंग्यूत प्लेटलेट सात-आठ दिवसांनी आपोआप चढतात, त्यामुळे त्या वेळी जे दिलं असेल त्याला श्रेय मिळतं. वहिनींच्या मज्जेत पेशी तयार होणंच मंदावलंय. गुळवेल प्रतिकारशक्ती चेतवते म्हणून लोक घेतात, आणि वहिनींचा मूळ आजारच प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटल्याचा आहे. शिवाय गुळवेल घेऊन यकृताला इजा झाल्याचे रुग्ण कोविडच्या काळात आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. अ‍ॅझाथायोप्रिनही यकृतातूनच जातं. त्यात न उकळलेला पानांचा रस, न्यूट्रोफिल पाचशे-सातशे असताना.

---

नर्मदे हर · ९ डिसेंबर, दुपारी २.०५

समजलं डॉक्टर. माझ्या डोक्यात एवढा विचार आला नव्हता. वहिनींसाठी खजराण्याच्या गणपतीला सांगून येतो.

---

ग्वाल्हेरकर · ९ डिसेंबर, रात्री ९.२०

वडील ६८ वर्षांचे होते तेव्हाची गोष्ट. मायस्थेनिया या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारासाठी पाच वर्षं अ‍ॅझाथायोप्रिन चालू होतं, १०० मिग्रॅ, कधीही तक्रार नाही. सीबीसी दर तीन महिन्यांनी, नेहमी चांगली. एका पावसाळ्यात पायाचा अंगठा सुजला, युरिक अ‍ॅसिड वाढलेलं निघालं. जवळच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अ‍ॅलोप्युरिनॉल लिहिलं. आधीची औषधं त्यांनी विचारली नाहीत आणि आम्हीही सांगितली नाहीत. अंगठ्याचं दुखणं घेऊन आलोय, त्यात मायस्थेनियाचं काय सांगायचं, असं वाटलं.

पाचव्या आठवड्यात नाकातून रक्त थांबेना. हिमोग्लोबिन ५.९, प्लेटलेट १८ हजार, पांढऱ्या पेशी ८००. तेवीस दिवस रुग्णालयात. वडील वाचले. पण त्या तेवीस दिवसांत आई दहा वर्षांनी म्हातारी झाली.

नंतर न्यूरोलॉजीच्या डॉक्टरांनी सांगितलं की ही दोन औषधं एकत्र द्यायची वेळ आलीच, तर अ‍ॅझाथायोप्रिन पाव डोसाच्या आसपास आणावं लागतं, नाहीतर देऊच नये. फेबुक्सोस्टॅटचंही तेच. आता वडिलांच्या खिशात एक कार्ड असतं. पहिल्या ओळीत औषधाचं नाव, दुसऱ्या ओळीत "युरिक अ‍ॅसिडचं औषध देण्यापूर्वी फोन करा". दाताच्या डॉक्टरांनाही दाखवतो.

---

मज्जारस · १० डिसेंबर, सकाळी ७.५०

ग्वाल्हेरकर, हे लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. असं का होतं ते सांगतो.

अ‍ॅझाथायोप्रिन शरीरात गेल्यावर त्याचं मर्कॅप्टोप्युरिन होतं आणि त्यातून थायोग्वानिनची संयुगं बनतात. ही संयुगं विभागणाऱ्या पेशींच्या डीएनएमध्ये घुसतात. प्रतिकारशक्तीच्या लिम्फोसाइट पेशी भराभर विभागतात, त्यांना आवर बसावा हा हेतू. पण हाडांच्या मज्जेतल्या पेशीही तितक्याच भराभर विभागतात. म्हणून शरीराने हे द्रव्य वेळेवर निकामी करत राहावं लागतं. त्याच्या मुख्य वाटा तीन. झॅंथिन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम, टीपीएमटी नावाचं दुसरं, आणि तयार झालेल्या विषारी संयुगाचे दात काढणारं तिसरं, एनयूडीटी-१५. मोरीला तीन भोकं आहेत असं समजा. अ‍ॅलोप्युरिनॉल पहिलं भोक बुजवतं. पाणी तेवढंच सोडलंत तरी मोरी तुंबते. पाच वर्षं सुरळीत चाललेला डोस त्यामुळे पाच आठवड्यांत जड झाला.

मर्कॅप्टोप्युरिन, अ‍ॅझाथायोप्रिन आणि अ‍ॅलोप्युरिनॉल ही तिन्ही औषधं गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या चमूतली. १९८८ चं नोबेल या दोघांना मिळालं. अ‍ॅलोप्युरिनॉलवर काम सुरू झालं तेच मर्कॅप्टोप्युरिन शरीरात लवकर मोडू नये म्हणून. युरिक अ‍ॅसिडवरचा उपयोग मागून आला. म्हणजे एकमेकांवरचा हा परिणाम पहिल्या दिवसापासून माहीत असलेला आहे. तरीही दर काही वर्षांनी असा रुग्ण माझ्या काचपट्टीवर येतो, आणि दर वेळी मला तितकाच त्रास होतो.

पांढऱ्या पेशी आधी का पडतात हेही सांगतो. न्यूट्रोफिल रक्तात जेमतेम एखादा दिवस टिकतो, प्लेटलेट आठ-दहा दिवस, तांबडी पेशी जवळपास १२० दिवस. मज्जेचं काम थांबलं की ज्याचं आयुष्य सगळ्यात कमी तो आधी संपतो. हिमोग्लोबिन बरं आहे म्हणून मज्जा बरी आहे असं धरू नये.

---

अंबाडी · १० डिसेंबर, दुपारी ३.३०

आमच्याकडे मेथोट्रेक्सेट आहे, सासूबाईंना संधिवातासाठी. रक्ताचा प्रश्न तिथेही येतो म्हणून लिहिते.

हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. त्यांना २.५ मिग्रॅच्या सहा गोळ्या, दर मंगळवारी. डॉक्टरांनी नीट लिहिलं होतं. मेडिकलवाल्याने मात्र कागदी पाकिटावर बाकीच्या गोळ्यांसारखं "रोज १ वेळ" लिहून दिलं. मी नोकरीवर, सासरे पाकीट वाचून देणार. नऊ दिवस रोज सहा गोळ्या गेल्या. आधी तोंड आलं, मग घशाखाली दूध उतरेना. आम्ही तापाचे फोड, पित्त काय काय समजत बसलो. प्लेटलेट ४२ हजार, पांढऱ्या पेशी १,२००, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा आकडा) वाढलेलं.

रुग्णालयात फोलिनिक अ‍ॅसिड दिलं, त्यालाच ल्युकोव्होरिन म्हणतात. आपण रोज घेतो ती फॉलिक अ‍ॅसिडची गोळी वेगळी, ती अशा वेळी पुरी पडत नाही. फॉलिक मेथोट्रेक्सेटचा वार सोडून इतर दिवशी घ्यायची असते, ती त्यांना मिळतच नव्हती.

बऱ्या झाल्या, वर्षभराने पुन्हा हेच औषध सुरू केलं, आणि त्याच औषधाने त्यांची बोटं आज पोळ्या लाटतायत. मी आता चार आठवड्यांच्या चारच मात्रा घरात ठेवते, प्रत्येक पुडीवर लाल शाईने तारीख. बाकीचा साठा माझ्या कपाटात. लघवीत जळजळ झाली तेव्हा एका दवाखान्यात सेप्ट्रान हे अँटिबायोटिक लिहून देत होते. मी पर्चा परत केला आणि मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं सांगितलं. डॉक्टरांनी लगेच औषध बदललं.

---

सूक्ष्मदर्शक · १० डिसेंबर, दुपारी ४.१०

बरं केलंत. सेप्ट्रानमधलं ट्रायमेथोप्रिमही फोलेटच्याच वाटेवर आघात करतं, दोन्ही मिळून मज्जा बसते. क्रिएटिनिन चढलं असेल तर मेथोट्रेक्सेट बाहेर पडत नाही, ते आणखी एक. म्हणून सीबीसीबरोबर क्रिएटिनिन आणि यकृताची तपासणी सुटता कामा नये.

---

दुसरी किडनी · ११ डिसेंबर, सकाळी ६.४५

लोकमान्यनगर दादांचं काही कळलं नाही, जीव टांगणीला लागलाय. वाट बघता बघता माझं लिहितो.

किडनी प्रत्यारोपण २०१७ साली, आईने दिली. आमच्या वाट्याला एक औषध नसतं. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन, वर पहिले काही महिने सीएमव्ही विषाणूसाठी व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर आणि न्यूमोनियासाठी सेप्ट्रान. यातली तीन पांढऱ्या पेशी पाडू शकतात. माझ्या तिसऱ्या महिन्यात २,१०० झाल्या. मला वाटलं मायकोफेनोलेटच, कारण जुलाबही त्यानेच होत होते. मनातल्या मनात ती गोळी अर्धी करायचं ठरवलं होतं. डॉक्टरांनी आधी सीएमव्हीची पीसीआर (विषाणू शोधणारी तपासणी) केली, कारण तो विषाणू स्वतःही पेशी पाडतो. ती निगेटिव्ह आली. मग आधी सेप्ट्रान थांबवलं, क्रिएटिनिनवर लक्ष ठेवून मायकोफेनोलेट कमी केलं, आणि पेशी वर आल्यावर पुन्हा चढवलं. प्रत्येक पायरी त्यांनी ठरवली. माझ्याच वॉर्डातल्या एका मुलाने जुलाबाला कंटाळून मायकोफेनोलेट स्वतः सोडलं होतं. पेशी छान वाढल्या आणि शरीराने किडनी नाकारली. त्याच्या बापाची मुद्रा मी विसरू शकत नाही.

म्हणून कोलायटिसवाल्यांसाठी "एक गोळी चुकली तर चालेल" हे वाचून माझ्यासारख्यांनी तसं करू नये. ज्याचा अवयव दुसऱ्याचा आहे त्याने आधी फोन करायचा.

दुसऱ्या वर्षी हिमोग्लोबिन ६.८ झालं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट ठीक. पार्व्होव्हायरस बी-१९ निघाला. निरोगी पोरांना गालावर लाली आणून जाणारा विषाणू, पण दबलेल्या प्रतिकारशक्तीत तो मज्जेतल्या तांबड्या पेशींच्या मुळावर बसतो. इम्युनोग्लोब्युलिनने सुधारलं. त्या वेळी रक्त चढवायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी ल्युकोरिड्यूस्ड पिशवीच मागवली, म्हणजे पांढऱ्या पेशी गाळून काढलेली. परक्या पांढऱ्या पेशींमुळे शरीर अँटिबॉडी बनवतं आणि पुढे किडनीला त्या नडतात. रक्तपेढीत घाईत जे मिळेल ते घेऊ नका, डॉक्टरांना विचारून घ्या.

टॅक्रोलिमसची पातळी तपासायची असेल तर सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचं. आदल्या रात्रीच्या गोळीला बारा तास झालेले हवेत. मी पहिल्यांदा गोळी घेऊन गेलो, पातळी भलतीच आली आणि दोन दिवस वाया गेले.

---

लोकमान्यनगर · १५ डिसेंबर, रात्री ८.१५

सगळ्यांनी विचारलंत, उत्तर द्यायला हात मोकळा नव्हता.

त्या पहाटे पोचल्यावर मज्जारस डॉक्टरांनी लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. तासाभरात नसेतून अँटिबायोटिक सुरू झालं, ब्लड कल्चर आधी घेतलं. औषध बंद करूनही आकडा खालीच जात राहिला : १,४००, १,१००, तिसऱ्या दिवशी ९००, न्यूट्रोफिल १८०. तेव्हा मी फार घाबरलो. औषध थांबलं तरी आत बनलेली संयुगं काही दिवस पेशींत राहतात असं डॉक्टरांनी समजावलं. पोटावर त्वचेखाली पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या फिलग्रास्टिमची इंजेक्शनं दिली. प्लेटलेट ८८ हजारांपर्यंत उतरून थांबल्या. आज पांढऱ्या पेशी २,६०० आहेत आणि ताप तीन दिवस नाही.

केस जवळजवळ सगळे गेले. काल तिने स्वतःच उरलेले कापून घेतले. नर्सने कात्री धरली, मी बाहेर उभा होतो.

टीपीएमटी आणि एनयूडीटी-१५ या दोन्हींची जनुकीय तपासणी पाठवली आहे. नमुना बाहेरगावी जातो.

---

अंबाडी · १५ डिसेंबर, रात्री ८.२०

देवा. वाचून डोळे भरले. केस येतील दादा. आधी वहिनी घरी येऊ देत.

---

बडोद्याची लेक · १७ डिसेंबर, दुपारी १२.३०

माहेर इंदूरचं, आता बडोद्यात असते. ल्युपस नेफ्रायटिससाठी (प्रतिकारशक्ती किडनीवर उलटण्याचा आजार) मायकोफेनोलेट घेते, २९ वर्षांची आहे. पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे. डॉक्टर म्हणाले अ‍ॅझाथायोप्रिनवर आणू. हा धागा वाचून धस्स झालं.

---

मज्जारस · १७ डिसेंबर, दुपारी २.१५

घाबरू नका, तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. मायकोफेनोलेटमुळे गर्भपात आणि बाळात व्यंग येण्याचा धोका असतो, म्हणून दिवस राहण्याच्या किमान सहा आठवडे आधी ते थांबवतात. अ‍ॅझाथायोप्रिनवर अनेक जणींची बाळंतपणं नीट झाली आहेत. फक्त बदल करण्यापूर्वी एनयूडीटी-१५ बघून घेता येईल का एवढं विचारा. आणि स्वतःहून मायकोफेनोलेट बंद करू नका, किडनीचा आजार उसळेल.

---

लोकमान्यनगर · १९ डिसेंबर, सकाळी १०.००

काल घरी आलो. ३,३०० आहेत.

एक विचारायचंय. आई म्हणते फळं, दही काहीच द्यायचं नाही, महिनाभर नुसता वरणभात. हिला गराडू (तळलेला कंद) खायची फार इच्छा आहे, सीझन आहे ना.

---

मज्जारस · १९ डिसेंबर, दुपारी १.३०

कच्चं काहीच नको हा जुना कडक नियम आता फारसा धरत नाहीत, त्याने जंतुसंसर्ग कमी होतो असं अभ्यासांत दिसलं नाही. स्वच्छता मात्र काटेकोर हवी. साल काढता येतील ती फळं धुऊन, सोलून लगेच द्या. घरी तापवलेल्या दुधाचं ताजं दही द्यायचं की नाही ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. मोड आलेली कच्ची कडधान्यं, पाणीपुरी, उघड्यावरच्या चटण्या, उसाचा रस नको. गराडू घरी तळा, मसाला ताजा भुरभुरा, लिंबू आपण धुऊन कापा, गरम असतानाच द्या. सराफ्यातल्या खाऊगल्लीत जायला अजून अवकाश आहे, तिथल्या गर्दीचा विचार करा.

---

लोकमान्यनगर · २० डिसेंबर, रात्री ९.४५

आईनेच तळून दिले. तोंड बरं झालंय, लिंबू झोंबलं नाही. दोन वाट्या खाल्ले.

---

लोकमान्यनगर · ३ जानेवारी, संध्याकाळी ६.३०

अहवाल आला. टीपीएमटी अगदी नॉर्मल. एनयूडीटी-१५ च्या दोन्ही प्रतींत बदल आहे, आईकडून एक आणि वडिलांकडून एक. डॉक्टर म्हणाले हे औषध हिला जन्मात पुन्हा द्यायचं नाही, मर्कॅप्टोप्युरिनही नाही. तसं फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहिलंय. कोलायटिससाठी आता व्हेडोलिझुमॅब हे दुसरं औषध ठरलं आहे.

फक्त टीपीएमटी केली असती तर आम्हाला "सगळं ठीक" म्हणून सांगितलं असतं, हे डोक्यातून जात नाही.

---

मज्जारस · ३ जानेवारी, रात्री ८.००

अगदी तसंच झालं असतं. टीपीएमटीची माहिती १९८० पासूनची, पाश्चात्त्य रुग्णांत ती बरंच सांगून जाते, म्हणून पुस्तकांत तीच आधी आली. एनयूडीटी-१५ चा संबंध कोरियातल्या रुग्णांवरून २०१४ साली पुढे आला. पूर्व आशियात आणि आपल्याकडे पेशी पडण्यामागे हे जनुक जास्त वेळा सापडतं. दोन्ही प्रतींत बदल असला की नेमकं वहिनींसारखंच होतं, महिनाभरात पेशी कोसळतात आणि केस जातात. केसांची ही खूण इतकी ठळक आहे की अ‍ॅझाथायोप्रिन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मूठभर केस आले तर त्याच दिवशी सीबीसी करावी.

दोन्ही जनुकं चांगली निघाली तरी सीबीसी सुटत नाही. कितीतरी जणांच्या पेशी जनुकांत काही न सापडता पडतात. साधारणपणे पहिला महिना दर आठवड्याला, नंतर महिन्याला, स्थिर झाल्यावर तीन महिन्यांनी, आणि डोस वाढवला की पुन्हा पहिल्यापासून. तुमच्याकडे ५० चे १०० झाले त्याच दिवसानंतरच्या दोन सीबीसी राहिल्या होत्या.

वहिनींना सख्खी भावंडं आहेत का? आई-वडील दोघांकडे एकेक बदललेली प्रत असेल तर प्रत्येक भावंडाला दोन्ही मिळण्याची शक्यता चारात एक.

---

लोकमान्यनगर · ३ जानेवारी, रात्री ८.४०

धाकटा भाऊ आहे, देवासला असतो. त्याला वर्षभर त्वचेचा आजार आहे आणि त्याच्या डॉक्टरांनी मागच्याच महिन्यात अ‍ॅझाथायोप्रिनचं नाव काढलं होतं. आत्ताच फोन केला. अजून सुरू केलेलं नाही.

---

दुसरी किडनी · ३ जानेवारी, रात्री ८.४४

तपासणी होईपर्यंत सुरू करू देऊ नका. हिचा अहवाल त्याच्या डॉक्टरांना पाठवा, फोटो नको, पूर्ण पीडीएफ.

---

लोकमान्यनगर · २४ जानेवारी, रात्री ९.१०

पांढऱ्या पेशी ५,४००, न्यूट्रोफिल ३,१००, प्लेटलेट २ लाख १०, हिमोग्लोबिन ११.२. स्टेरॉइड आता १० मिग्रॅ, म्हणजे सूक्ष्मदर्शक ताईंच्या हिशेबाने हा आकडा बऱ्यापैकी खरा आहे. वही केली आहे, ती स्वतःच लिहिते. व्हेडोलिझुमॅबचे दोन डोस झाले, रक्त जाणं थांबलंय.

डोक्यावर मऊ केस आलेत, जावळासारखे. आई रोज संध्याकाळी हात फिरवून बघते.

इथल्या सानंद संस्थेच्या नाटकाची तिकिटं होती, डॉक्टरांनी मास्क लावून कडेच्या खुर्चीवर बसायला परवानगी दिली. मध्यंतरात बाहेर गेलो नाही. ती पूर्ण वेळ जागेवर बसून होती आणि खूप हसली.

भावाचा नमुना आज सकाळी गेला. अहवाल यायला दहा-बारा दिवस लागतील, आला की इथेच लिहितो.